हॅलो वॉल्स : भिंतींची विचारपूस करणारं गाणं

उंबरठा :

बरेच दिवस या गाण्यावर लिहायचं मनात होतं. इथे जुन्या गाण्यांवर जीव लावून बोलणारी मंडळी आहेत, म्हणून धागा काढतोय.

२०१६ च्या हिवाळ्यातली गोष्ट. अमेरिकेत टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या उत्तरेला मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी आणि बायको त्याच वर्षी वेगळे झालो होतो. मोठं भांडण नव्हतं, कोर्टाचं कामही लांबलं नाही. ती न्यू जर्सीला गेली, मी नोकरीमुळे तिथेच राहिलो. जाताना तिने तिच्या आजीच्या पैठणीच्या पदराची फ्रेम नेली. मोरांचा पदर होता. फ्रेम होती त्या जागी भिंतीवर एक चौकोन उरला, आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित उजळ, आणि वरच्या बाजूला खिळा. संध्याकाळी घरी येऊन दिवा लावला की पहिली नजर तिथेच जायची.

तिथल्या अपार्टमेंटच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्समचे बोर्ड. बोटाने वाजवलं तर पोकळ वाजतात. शेजारच्याचा खोकलाही ऐकू येतो. एका रविवारी रात्री त्या चौकोनाच्या पलीकडून गाणं यायला लागलं. शब्द नीट कळत नव्हते. एक पुरुष 'हॅलो' म्हणायचा आणि मागून काही आवाज 'हॅलो, हॅलो' करत ओ द्यायचे. मला आधी वाटलं, कुणीतरी फोनवर बोलतंय. गाणं संपलं, पुन्हा लागलं. मग आणखी एकदा. मी जेवणाचं ताट तसंच ठेवून भिंतीला कान लावून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला विचारलं. सत्तरी पार केलेला, निवृत्त ट्रक ड्रायव्हर. आवाजाची तक्रार घेऊन आलोय असं वाटून तो आधी माफी मागायला लागला. मी म्हटलं, तक्रार नाही, गाणं कुठलं ते सांगा. त्याने आत बोलावलं आणि सात इंची तबकडी हातात दिली. कॅपिटॉल कंपनीची. गायक फॅरन यंग, गीतकार विली नेल्सन, साल १९६१.

गाण्यातला माणूस घरात एकटा आहे. ती निघून गेली आहे. तो भिंतींना हाक मारतो आणि त्यांचा दिवस कसा गेला ते विचारतो. तिची आठवण येत असेल ना तुम्हालाही, म्हणतो. मग खिडकीकडे वळतो. काचेच्या कोपऱ्यात थेंब आहे, आणि तो पावसाचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. शेवटी छताला सांगतो की झोप काही येणार नाही, तेव्हा थोडा वेळ तुझ्याकडेच बघत पडतो, सांभाळून घे. एवढंच. अडीच मिनिटांच्या आसपास सगळं संपतं. तिच्याबद्दल शिवी नाही, शाप नाही. ठरवून गेली, इतकंच म्हणतो.

हा माणूस स्वतःचं दुःख सांगायच्या आधी समोरच्याची विचारपूस करतो, आणि माझा जीव तिथेच अडकला. एकटा पडलो तेव्हा माझी चौकशी करणारे पुष्कळ होते. आई रोज फोन करायची. पुण्याचे मित्र करायचे. पण संध्याकाळी कुलूप उघडून आत आल्यावर 'काय गं, आज काय झालं ऑफिसात?' हे मी विचारावं असं माणूस घरात नव्हतं. आठ वर्षांची सवय. प्रश्न तोंडाशी यायचा आणि मागे जायचा. मी तो रोज गिळला. या गाण्यातल्या माणसाने तो गिळला नाही. घरात जे उरलं होतं त्याला विचारला.

आता गाण्याच्या जन्माची गोष्ट, कारण ती माझ्या रोजच्या रस्त्यावरची आहे.

विली नेल्सन टेक्सासमधल्या ॲबट या छोट्या गावचा, जन्म १९३३. १९६० मध्ये गाणी विकायला नॅशव्हिलला आला. तिथे रायमन ऑडिटोरियमच्या मागच्या बोळात टूट्सीज ऑर्किड लाउंज नावाचा बार आहे, आजही आहे. रायमनमध्ये तेव्हा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांचा, रेडिओ कार्यक्रम व्हायचा. गायक मागच्या दाराने बाहेर पडून टूट्सीजमध्ये शिरायचे, आणि गाणी लिहिणारे त्यांची वाट बघत तिथे बसलेले असायचे. हँक कॉक्रन या गीतकाराने नेल्सनला तिथे ऐकलं आणि स्वतः काम करत होता त्या पॅम्पर म्युझिक कंपनीत त्याला चिकटवून दिलं. आठवड्याला ५० डॉलर. कॉक्रनला तेवढीच पगारवाढ मिळणार होती. ती मला नको, याला द्या, असं त्याने मालकाला सांगितलं.

पॅम्परचं ऑफिस गुडलेट्सव्हिलला होतं. मी रोज आय-६५ वरून कामाला जाताना हेच गाव ओलांडायचो आणि मला पत्ता नव्हता. ऑफिसच्या मागे गॅरेजसारखी एक खोली, तिला एक खिडकी. नेल्सन आणि कॉक्रन तिथे मिळून गाणं लिहायला बसले होते. कॉक्रनला फोन आला म्हणून तो उठून गेला. नेल्सन एकटा राहिला, भिंतींकडे बघत. फोन संपवून कॉक्रन परत आला तर गाणं लिहून तयार.

फॅरन यंग तेव्हा मोठं नाव होतं. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचा, १९५० च्या दशकात एकामागून एक गाजलेली गाणी दिलेला, देखणा गडी. त्याने जानेवारी १९६१ मध्ये हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या कंट्री यादीत ते ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि पॉपच्या मुख्य यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत गेलं.

या सगळ्यात ५०० डॉलरची एक गोष्ट आहे आणि मला ती गाण्याइतकीच आवडते. नेल्सनला पैशांची नड होती. गाणं बाजारात यायच्या आधी तो यंगला म्हणाला, ५०० डॉलर दे आणि या गाण्याचे सगळे हक्क तुझे. यंगने ५०० डॉलर दिले, पण उसने म्हणून. गाणं विकू नकोस, याचे भरपूर पैसे येणार आहेत, असं सांगितलं. ह्यूस्टनला असताना नेल्सनने 'फॅमिली बायबल' ५० डॉलरला आणि 'नाइट लाइफ' १५० डॉलरला विकून टाकलं होतं. दोन्ही पुढे चालली. हे तिसरंही गेलं असतं. पुढे रॉयल्टीचा पहिला मोठा चेक आल्यावर नेल्सनने टूट्सीजमध्ये यंगला गाठलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या तोंडाचा मुका घेतला, असं नॅशव्हिलमध्ये आजही सांगतात.

तुमच्यापैकी कुणी हे गाणं ऐकलंय का? ऐकलं नसेल तर आधी यंगचं ऐका, मग नेल्सनचं. आणि मराठीत हे कसं म्हणता येईल, यावरही बोलूया.


पेटीवाला :

दोन्ही लागोपाठ ऐकली. आधी मनापासून आभार.

यंगचा आवाज स्वच्छ, खणखणीत. प्रत्येक शब्द मात्रेवर ठेवतो. ठेका चालता आहे, संथ नाही. रडवं गाणं म्हणून मी बसलो होतो आणि पाय ताल धरायला लागला. ते मला फार खरं वाटलं. दिवसभर माणूस असाच चालतो, भाजी आणतो, बिलं भरतो. ठेका थांबत नाही.

नेल्सनने स्वतः ते १९६२ च्या पहिल्याच अल्बममध्ये म्हटलंय. तो लयीच्या मागे रेंगाळतो, मध्येच पुढे निघून जातो आणि समेवर अलगद येऊन भेटतो. आपल्याकडे ठुमरी म्हणणाऱ्यांना जी मोकळीक असते तशी. तिथे गाणं बोलण्याच्या जवळ जातं. यंगचं ऐकताना समोर गायक उभा असतो. नेल्सनचं ऐकताना खोलीत कुणीतरी पुटपुटतंय असं वाटतं.

आणि 'ओ देणारे' आवाज हा शब्द अगदी बरोबर. कोरस नसता तर हाक अधांतरी राहिली असती.


सातारकरीण :

ती कॉक्रनची पगारवाढ वाचून डोळ्यांत पाणी आलं. आपल्या ताटातलं उचलून दुसऱ्याला देणारी माणसं असतात म्हणून गाणी जगतात. आज रात्री ऐकते.


वसईकर :

आमच्या वसईत माझ्या लहानपणी घरात कंट्री म्हणजे जिम रीव्हज. नाताळात तर सकाळपासून त्याच्याच कॅसेटी. पप्पा बोटीवर होते, तिकडून आणायचे. त्याचं १९६० साली गाजलेलं 'हील हॅव टू गो' हे फोनवरचं गाणं पप्पा अंगणात खाट टाकून पडल्या पडल्या गुणगुणायचे. गोव्यातल्या आमच्या नातेवाइकांकडेही तेच. रीव्हज १९६४ मध्ये विमान अपघातात गेला, पण आमच्याकडे तो अजून गातोय.

फॅरन यंगचं नाव मात्र कधी कानावर आलं नव्हतं. काल मम्मीला हे ऐकवलं. तिला इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून मी अर्थ सांगत गेलो. खिडकीपाशी आल्यावर म्हणाली, 'बस, पुढचं सांगू नको, कळलं.' पप्पा गेल्यानंतर ती रोज संध्याकाळी खिडकीत बसते.


रानजाई :

धागाकर्ते, भाषांतराचा विषय काढलात म्हणून सविस्तर लिहिते. मी भाषांतराचंच काम करते आणि दोन दिवस हे गाणं डोक्यातून गेलेलं नाही.

पहिली अडचण 'हॅलो'ची. मराठीत हॅलो फक्त फोनवर. समोरासमोर आपण 'काय, बरं आहे ना?' म्हणतो किंवा थेट 'जेवलात का?' विचारतो. 'तुमचा आजचा दिवस कसा गेला' असं लिहिलं तर वाक्य मराठी होईल, माणूस होणार नाही. 'काय गं भिंतींनो, काय म्हणताय आज?' इथे मला तो माणूस दिसतो.

दुसरी गोष्ट लिंगाची. भिंत 'ती', खिडकी 'ती', छत 'ते'. इंग्रजीत या निर्जीव वस्तूंना लिंग नाही. मराठीत भिंती आणि खिडकी बायका होतात. म्हणजे एका बाईची आठवण तो दोन बायकांशी काढतो, जणू तिच्या मैत्रिणींना विचारतोय. मूळ गाण्यात हे नाही, मराठीत आपोआप येतं. ते टाळू नये असं मला वाटतं.

छताला मात्र मी छत म्हणणार नाही. झोप येत नसली की मराठी माणूस आढ्याकडे बघत पडतो. घराला आढं असो वा नसो, स्लॅबखाली राहणाराही आढ्याकडेच बघतो. हा शब्दप्रयोग जणू या कडव्यासाठीच घडवून ठेवलाय.

खिडकीत मूळ इंग्रजीत श्लेष आहे. काचेच्या तावदानाचा शब्द आणि वेदनेचा शब्द कानाला एकच ऐकू येतात. तो श्लेष तसाच आणता येणार नाही. पण आपल्याकडे डोळ्यांच्या 'कडा' पाणावतात, आणि काचेलाही कडा असतात. 'कडा ओलावल्यात तुझ्या' म्हटलं की काम होतं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट. ती 'अस' (us) ला सोडून गेली, असं तो म्हणतो. इंग्रजीत तो एकच शब्द. मराठीत दोन आहेत, आम्ही आणि आपण, आणि भाषांतर करणाऱ्याला निवड करावीच लागते. 'आम्हाला टाकून गेली' म्हटलं तर तो तिसऱ्याच कुणाला तक्रार सांगतोय. 'आपल्याला टाकून गेली' म्हटलं की भिंती, खिडकी, छत आणि तो एका पंगतीत येतात. पुढे तो म्हणतोच की सगळ्यांनी धरून राहायला हवं, नाहीतर डोकं फिरेल. या माणसाला 'आपण' म्हणायला कुणीतरी हवंय. इंग्रजी ऐकणाऱ्याला ते अंदाजाने कळतं. मराठीत पहिल्याच शब्दाला उघड होतं.


उंबरठा :

रानजाई, तुमचं शेवटचं तीनदा वाचलं. इतकी वर्षं मी हे गाणं मनातल्या मनात मराठीत ऐकत होतो आणि 'आपण' कडे लक्ष गेलं नव्हतं. ती गेल्यावर माझ्या बोलण्यातून कुठला शब्द गेला असेल तर हाच. 'आपण शनिवारी जाऊ', 'आपल्याला दूध आणायचंय'. नंतर सगळं 'मी' झालं. बँकेचा फॉर्म भरताना, दुकानात, फोनवर. मी दूध आणतो. मी शनिवारी जातो.

आढ्याबद्दल शंभर टक्के.


मुक्काम_पोस्ट :

एक शंका. नेल्सन स्वतः तेव्हा असा एकटा पडला होता का? गाणं इतकं आतून आलेलं वाटतं.


उंबरठा :

नाही. तेव्हा त्याचं लग्न टिकून होतं. बायको मार्था आणि तीन मुलं, चणचणीचा संसार. ते लग्न पुढे १९६२ मध्ये मोडलं. म्हणजे गाणं आधी आणि विभक्त होणं नंतर. त्या खोलीत तो फोन संपेपर्यंत, थोडा वेळच एकटा होता. त्या थोड्या वेळात त्याने काय काय बघून ठेवलं!

त्याच १९६१ मध्ये त्याचं 'क्रेझी' पॅट्सी क्लाइनने गायलं. एका वर्षात दोन अशी गाणी, आणि आदल्या वर्षी तो घरोघर विश्वकोश विकायचंही काम करून बघत होता.


रात्रपाळी :

इथे रेडिओची भर घालतो, कारण धागाकर्त्यांचे शेजारी ट्रक ड्रायव्हर होते हे वाचून मला लगेच लिंक लागली.

नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम हे मध्यम लहरींवरचं केंद्र, ६५० किलोहर्ट्झ, ५०,००० वॉट. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत ठरावीक अंतरच जातात. रात्री वरच्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल लांब उतरतात. आपण लहानपणी रात्री मध्यम लहरींवरची लांबची स्टेशनं लावायचो आणि दिवसा तीच गायब असायची, त्याचं कारण हेच. ५०,००० वॉट आणि आसपास त्या लहरीवर दुसरं केंद्र नाही, म्हणजे रात्री अर्ध्या अमेरिकेत डब्ल्यूएसएम लागायचं. १९५७ पासून तिथे राल्फ एमरी रात्रभराचा कार्यक्रम करायचा. रात्री एकट्याने गाडी हाकणारे हजारो लोक ऐकायचे. 'हॅलो वॉल्स'सारखं गाणं अशा लोकांच्या कानात थेट जाणार. त्यांना बोलायला चार भिंतीही नव्हत्या, फक्त समोरची काच.

आणि खरी गंमत पुढे. याच राल्फ एमरीने १९६१ मध्येच 'हॅलो फूल' नावाचं गाणं काढलं. त्यात भिंती उलट उत्तर देतात! तेही कंट्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. एका गाण्याला दुसऱ्या गाण्याने उत्तर द्यायची तिकडे जुनी पद्धत आहे. आपल्या सवाल-जवाबासारखी.

मी पंचवीस वर्षं कारखान्यात रात्रपाळी केली. यंत्राशी बोलायचो. कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगतो.


पेटीवाला :

रात्रपाळी, मन भरून आलं. मी पेटीशी बोलतो. भाता उघडताना 'चल' म्हणतो. आजवर कधी विचारही केला नव्हता.


अबोली :

मी सहसा नुसती वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या आत्याला तिच्या नवऱ्याने लग्नानंतर चौथ्या वर्षी टाकलं. आमचं गाव करमाळ्याच्या बाजूला. आत्या माहेरी परत आली आणि पुढची चाळीस वर्षं आमच्याच घरात काढली. 'टाकलेली' हा शब्द मी तिच्यामुळे शिकले. तेव्हा आमचं घर मातीचं होतं. दर सणाच्या आधी भिंती पांढऱ्या मातीने सारवायच्या आणि ते काम आत्याचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. पोतेरं भिजवून, पिळून, वरून खाली एकसारखा हात फिरवायची आणि ओठ हलत असायचे. मी पाच-सहा वर्षांची असेन. विचारलं, आत्या कुणाशी बोलतीस? म्हणाली, 'हिच्याशी. हिला बी कुणी विचारत न्हाई, पाठ टेकायला तेवढी लागती.'

ती म्हणाली होती तसंच्या तसं लिहिलंय.

जात्यावर ती ओव्या म्हणायची तेव्हाही जात्यालाच हाक मारून सुरुवात करायची. बायकांच्या ओव्यांत जात्याला देव म्हणतात, भाऊ म्हणतात, त्याच्याशी मनातलं बोलतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ मी इंटरनेटवर ऐकल्या आहेत. ऐकताना प्रत्येक वेळी आत्याच येते समोर. दळायला बसलेली बाई माणसाला सांगू शकत नव्हती ते दगडाला सांगत होती, आणि दगड गरगर फिरत ओ देत होता.

तुमच्या त्या अमेरिकन गाण्यातला माणूस मला परका वाटला नाही. फक्त त्याचं गाणं नऊ आठवडे पहिलं आलं. आत्याचं आमच्या घराबाहेर कुणी ऐकलं नाही.


रानजाई :

अबोली, आत्या काय म्हणायच्या ते जेवढं आठवत असेल तेवढं लिहून ठेवा. कृपया. मोडकंतोडकं, अर्धवट, जसं आठवेल तसं. मदत लागली तर मी आहे.


अबोली :

काही ओव्या आठवतात. आईला विचारून लिहीन.


सातारकरीण :

ऐकलं काल. पण फॅरन यंगचं पुढे काय झालं हे शोधायला गेले आणि रात्र तशीच गेली. कुणीतरी लिहा त्याबद्दल. मला नीट जमणार नाही.


उंबरठा :

मी मूळ लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं, पण टाळणंही बरोबर नाही.

यंगने पुढेही मोठी कामं केली. १९६३ मध्ये 'म्युझिक सिटी न्यूज' हे कंट्री संगीताचं मासिक सुरू केलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा एक गाणं पहिल्या क्रमांकावर नेलं. १९८५ मध्ये नेल्सन आणि त्याने मिळून अल्बम केला. १९६१ मध्ये ५०० डॉलर उसने मागणारा नेल्सन तोवर साऱ्या अमेरिकेचा झाला होता आणि यंगचा काळ मागे पडला होता. नंतर यंगची फुप्फुसं निकामी होत गेली. आपल्याला या क्षेत्राने बाजूला टाकलं ही बोचही होती. डिसेंबर १९९६ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं ते २००० मध्ये.

हे कळल्यापासून शेवटचं कडवं मला पूर्वीसारखं ऐकवत नाही. त्यातली 'डोकं फिरेल' ही ओळ आता नुसती ओळ राहिलेली नाही.


मुक्काम_पोस्ट :

विषय निघालाच आहे तर लिहितो. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या रात्री अशा जात असतील तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही उचलतात. माझ्या घरातल्या माणसाने लावला होता म्हणून सांगतो.


वसईकर :

धन्यवाद मुक्काम_पोस्ट. क्रमांक आमच्या चर्चच्या ग्रुपवर टाकतोय.


पेटीवाला :

धागाकर्ते, तुम्ही एवढं लिहिलंत, पण त्या शेजाऱ्यांचं पुढे काय? आणि तो चौकोन?


उंबरठा :

शेजारी आणि मी पुढे दोन वर्षं दर रविवारी संध्याकाळी बसायचो. तो तबकड्या लावायचा, मी चहा न्यायचो. आल्याचा चहा त्याला आधी तिखट लागला, मग सवय झाली. पहिल्या दिवाळीला मी त्याला बेलव्ह्यूच्या गणपतीच्या देवळात घेऊन गेलो. तो बाहेर बूट काढून, टोपी हातात धरून बराच वेळ उभा होता. त्याची बायको तो रस्त्यावर असतानाच घर सोडून गेली होती, असं एकदा बोलला. ट्रक लावून दार उघडलं तर घर रिकामं. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. २०१८ मध्ये तो मुलीकडे केंटकीला राहायला गेला. अधूनमधून फोन असतो.

चौकोनाचं असं की मी तिथे दुसरं काही लावलंच नाही. खिळाही काढला नाही. २०१९ मध्ये पुण्याला परत यायचं ठरलं. तिथे घर सोडताना खिळ्यांची भोकं बुजवून द्यावी लागतात. लांबी आणली, खिळा उपटला, भोक भरलं, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला. रंग घरमालक देणार होते. सगळं सामान आधीच गेलेलं, रिकाम्या खोलीत मी आणि एक बॅग. हात पुसले, किल्ली टेबलावर ठेवणार तर टेबलही नव्हतं, म्हणून ओट्यावर ठेवली. दारात आलो आणि मागे वळून भिंतीला म्हटलं, 'येतो.'